घाऊक घ्या, पण थिनर नको! माझाच एक सल्ला मी मागे घेतेय



गेल्या महिन्यात एका ताईंचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. खाली लिहिलं होतं, "मॅडम, तुमचा कॉस्टिंगचा व्हिडिओ बघून घेतला. लिटरमागे वीस रुपये वाचले!" फोटोत वीस लिटरचा थिनरचा डबा होता. ताई घरीच लाकडी शोपीस रंगवून विकतात, पर्यटकांच्या सीझनमध्ये माल चांगला जातो. डबा ठेवला होता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. बाजूला गॅसचा सिलिंडर, वर भिंतीला देवघर आणि देवघरात समई पेटलेली.

मी लगेच फोन लावला. त्यांना चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून लावला होता. रिंग वाजत असतानाच लक्षात आलं की यात त्यांची चूक नाही. "कच्चा माल घाऊक घ्या, सुट्टा घेणारा कायम तोट्यात" हे वाक्य माझंच आहे. प्रत्येक बॅचला मी ते सांगते. काजूगर, पॅकिंगच्या पिशव्या, कोकमाची सोलं, खोके यांना ते लागू आहेच. पण थिनर, ॲसिटोन, स्पिरिट यांना ते लागू नाही, हे मी एकदाही सांगितलं नव्हतं. म्हणून आज लिहितेय. तो सल्ला ज्वालाग्राही सॉल्व्हंटपुरता मी मागे घेतेय.

"आम्ही कुठे केमिकल वापरतो?" असं म्हणून हे पान बंद करू नका. नेल आर्टचं पार्लर असेल तर ॲसिटोन आहे. मोबाईल रिपेअरिंग असेल तर आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आहे. रेझिनच्या वस्तू, परफ्युम, स्क्रीन प्रिंटिंग, फर्निचर पॉलिश, गणपतीची शाळा, फायबरच्या होड्यांची दुरुस्ती, सगळीकडे काही ना काही आहेच. कॉलेजच्या प्रयोगशाळेत याच बाटल्या कपाटात कुलूपबंद असतात, त्यांच्यावर लाल ज्वाळेचं चित्र असतं आणि सर देखरेखीला असतात. तेच द्रव्य आपल्या पडवीत येतं तेव्हा ते पाण्याच्या बाटलीत असतं आणि देखरेखीला कोणीच नसतं.

माझ्या दुकानातली संध्याकाळ

दुसऱ्यांना शिकवण्याआधी माझं सांगते. आमचं मालवणात रंगांचं आणि हार्डवेअरचं दुकान. बाबांनी सुरू केलेलं, बीबीए झाल्यावर मी हातात घेतलं. काही वर्षांपूर्वीची जुलैमधली संध्याकाळ होती. गणपतीच्या शाळांची गडबड सुरू झालेली. एका मूर्तिकार काकांना अर्धा लिटर थिनर सुट्टं हवं होतं. बाहेर धो धो पाऊस, म्हणून मागचं दार लावलेलं आणि पुढचं शटर अर्ध्यावर. मी मागच्या खोलीत डब्यातून पाण्याच्या बाटलीत थिनर ओतत होते. ओतताना ग्लासभर तरी जमिनीवर सांडलं. पुसायला फडकं शोधत होते तेवढ्यात लाईट गेली.

कामाला असलेल्या मुलाने नेहमीप्रमाणे मेणबत्ती पेटवली. तो माझ्यापासून सात-आठ फुटांवर, पुढच्या खोलीत, उंबरठ्याच्या पलीकडे होता. काडी ओढल्याबरोबर जमिनीलगत एक पिवळी रेघ माझ्या दिशेने धावत आली. थिनर सांडलं होतं माझ्या पायाशी आणि पेट घेतला त्याच्या पायाशी! डब्याचं झाकण मी आधीच लावलं होतं, हे नशीब. दोन ओली गोणपाटं टाकून आग विझली. पण मुलाचा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत भाजला. तीन आठवडे तो घरी होता. औषधपाणी, पगार सगळं मी केलं, पण तो परत आला नाही. त्याची आई एकच वाक्य बोलली, "बाय, मी तुज्या भरवशार धाडलंलंय तेका." ते वाक्य अजून माझ्याबरोबर आहे.

जळते ती वाफ

त्या संध्याकाळनंतर मी जे वाचलं, ते आधी वाचायला हवं होतं. मुळात द्रव जळत नाही, त्याच्यावर जमणारी वाफ जळते. ज्या तापमानाला ठिणगी लागताच पेट घेण्याइतकी वाफ निघू लागते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट साधारण उणे २० अंश सेल्सियस. बऱ्याच थिनरमध्ये असणाऱ्या टोल्युइनचा ४ अंश. आयपीएचा १२ अंशांच्या आसपास. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा ४ वर जात नाही. म्हणजे टोल्युइनचं थिनर आणि ॲसिटोन आपल्याकडे बाराही महिने पेट घ्यायला तयार असतं. मिनरल टर्पेंटाइनचा फ्लॅश पॉइंट ३५ ते ४० अंशांच्या घरात असतो, म्हणून ते त्यातल्या त्यात बरं. पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तेवढं तापमान सहज होतं.

दुसरी गोष्ट, ही वाफ हवेपेक्षा जड असते. ॲसिटोनची दुप्पट, टोल्युइनची तिपटीहून थोडी जास्त. ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही. पाण्यासारखी जमिनीलगत पसरते, उंबरठा ओलांडते आणि पायऱ्या उतरते. माझ्या दुकानात नेमकं हेच झालं.

तिसरी गोष्ट प्रमाणाची. ती आकड्यांत सांगते, कारण आपण धंदेवाली माणसं, आकडे लवकर कळतात. हवेत ॲसिटोनची वाफ अडीच टक्के झाली की पेट घेऊ शकते. टोल्युइनला एक टक्क्याहून थोडी जास्त पुरते. एक लिटर ॲसिटोन पूर्ण उडालं तर सुमारे ३३० लिटर वाफ होते. तिच्यामुळे जवळपास तेरा हजार लिटर हवा पेटण्याजोगी बनू शकते. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे साधारण पंचवीस हजार लिटर हवा. एका लिटरच्या बाटलीत अर्धी खोली! माझ्या हातून सांडलेलं ग्लासभर थिनर पूर्ण उडून खाली साचलं असतं, तर तेवढ्या खोलीत साधारण गुडघ्यापर्यंतची हवा पेटती झाली असती. त्या मुलाचा पाय कुठवर भाजला ते वर लिहिलंच आहे.

म्हणून माझं पहिलं मत असं : धोका किती आहे हे डब्यात किती लिटर आहे यावर ठरत नाही. झाकण किती वेळ उघडं आहे आणि खोली किती बंद आहे यावर ठरतं. "माझा धंदा लहान, मला काय होणार" हा हिशोबच चुकीचा आहे. मोठ्या कारखान्यात निदान अग्निशमनाची व्यवस्था असते. आपल्या घरगुती युनिटमध्ये त्याच खोलीत मुलं अभ्यासाला बसलेली असतात.

घरातला धंदा, बाहेरची बातमी

जानेवारी २०२५ मध्ये नालासोपाऱ्यात एका फ्लॅटमध्ये परफ्युमच्या बाटल्यांवरची एक्स्पायरी डेट बदलण्याचं काम चालू असताना स्फोट झाला. एकाच घरातले चौघे जखमी झाले, त्यात मुलंही होती. तारीख बदलणं गैर, हा वेगळा मुद्दा. पण जागा बघा : कारखाना नाही, गोदाम नाही, राहता फ्लॅट. परफ्युममध्ये मुख्य भाग अल्कोहोलचा असतो, हे आपण वासाच्या नादात विसरतो.

दुसरी घटना १९ मार्च २०२५ ची, पुण्याच्या हिंजवडीतली. एका छपाई कंपनीच्या मिनीबसला आग लागून चार कर्मचाऱ्यांचा जीव गेला. पोलिसांनी नंतर सांगितलं की हा अपघात नव्हता, चालकानेच कंपनीतून बेन्झीन आणून आग लावल्याचा आरोप आहे. बातम्यांत आलेलं प्रमाण लिटरभराचं होतं. गुन्ह्याचं काय ते कोर्ट ठरवेल. आपण उद्योजक म्हणून घ्यायचा धडा वेगळा आहे. आपल्याकडचं सॉल्व्हंट कोण, कधी, किती काढतं, याची नोंद आपल्याकडे आहे का? रोख पेटीला कुलूप आणि थिनरच्या डब्याला नाही, असं बहुतेक ठिकाणी असतं. माझ्याकडेही तसंच होतं.

आता कॉस्टिंग करू

त्या ताईंचाच हिशोब घेऊ. समजा सुट्टं थिनर लिटरला १६० रुपये आणि वीस लिटरचा डबा २,८०० रुपयांना, म्हणजे लिटरला १४०. डब्यामागे वाचले ४०० रुपये. ताईंना महिन्याला दोन लिटर लागतं, म्हणजे डबा दहा महिने पुरेल. बचत महिन्याला ४० रुपये. दोन चहा आणि एक भजीची प्लेट! तेवढ्यासाठी दहा महिने, त्यात एक अख्खा पावसाळा, घरात वीस लिटर पेटतं द्रव्य सांभाळायचं.

त्यात ही बचत पूर्ण हातात येतही नाही. डबा पन्नास वेळा उघडला जातो, प्रत्येक वेळी थोडं उडून जातं. आपल्या पावसाळी दमट हवेत उघड्या डब्यातल्या थिनरला ओल धरते. मग लॅकरवर पांढरट झाक येते, माल परत करावा लागतो आणि ग्राहक म्हणतो, "कामात सफाई नाय." म्हणजे सुरक्षेचा विचार बाजूला ठेवला आणि निव्वळ धंदा बघितला, तरीसुद्धा हा डबा तोट्याचाच.

म्हणून नवा नियम : काजूगर वर्षाचे घ्या, सॉल्व्हंट महिन्याचं घ्या. सीलबंद, कंपनीच्या मूळ डब्यात, अर्धा किंवा एक लिटरच्या पॅकमध्ये. लिटरमागचे जास्तीचे वीस रुपये वस्तूच्या किमतीत धरा. एका लिटरमध्ये चाळीस शोपीस होत असतील तर नगामागे पन्नास पैसे. पन्नास पैशांसाठी आजवर कुठलाही पर्यटक दुकानातून परत गेलेला नाही.

"इतकी वर्सा करतंय..."

हे सांगायला लागले की एक वाक्य हमखास येतं. त्या मूर्तिकार काकांनीच मला ऐकवलं होतं, "गो बाय, तीस वर्सा करतंय, माका काय एक जावक नाय." काकांचा मान राखून मी म्हटलं, "काका, समुद्रात जाणारो पण तीस वर्सां जाता, म्हणून वाऱ्याक इचारल्याशिवाय होडी लोटता काय?" काका हसले. पुढच्या वर्षी त्यांनी रंगकाम आतल्या खोलीतून पडवीत आणलं. रात्री जागून काम करताना विझलेली समई पुन्हा लावायच्या आधी थिनर झाकून खळ्याच्या पलीकडे ठेवायला लागले. अनुभव मोठाच, पण अनुभव म्हणजे आतापर्यंत काय झालं नाही याची यादी. उद्याच्या ठिणगीला ती यादी वाचता येत नाही.

दुसरा आक्षेप असतो, "मॅडम, हे सगळं लायसन्सवाल्यांसाठी." नाही हो. पेट्रोलियम ॲक्ट, १९३४ मध्ये २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेला माल 'अ' वर्गात येतो, आणि टोल्युइनसारखं हायड्रोकार्बन असलेलं थिनर त्यात मोडतं. विक्रीसाठी नसेल तर एकूण ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, पण अट आहे. भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा धातूचं हवं, बूच घट्ट हवं. काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. या यादीत पाण्याची प्लास्टिक बाटली कुठेच नाही! विक्रीसाठी ठेवणाऱ्या आम्हा दुकानदारांना ही सवलत नाही. हे काम ज्या 'पेसो'च्या अखत्यारीत येतं त्याचं मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. धंदा वाढवायचा विचार असेल तर आधी नियम विचारून घ्या.

आणि मुंबईहून स्वस्त मिळतं म्हणून कोकणकन्येने बॅगेतून आणणाऱ्यांसाठी : रेल्वेत असा माल नेणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एसटीतही आणू नका. बंद डबा, गर्दी आणि कोणीतरी पेटवलेली विडी, एवढं चित्र डोळ्यांसमोर आणा.

मी काय पाळते, तुम्ही काय पाळा

१. पाण्याच्या, सरबताच्या, दारूच्या बाटलीत सॉल्व्हंट कधीही नको. लहान मुलं पितात, मोठी माणसंही चुकून पितात. मूळ डबा, मूळ लेबल.

२. आज लागेल तेवढंच कामाच्या जागी काढा. बाकी कुलूपबंद ठेवा, घराबाहेरच्या सावलीतल्या, हवेशीर जागी. मांगर असेल तर उत्तम, पण तिथे सुकी लाकडं, गवत, सोडणं नकोत.

३. झाकण उघडण्याआधी समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. चूल, गॅस, समई, उदबत्ती, कासवछाप, सगळं बंद. मोबाईलवाल्यांनी गरम सोल्डरिंग आयर्न आणि हॉट एअर गनजवळ आयपीएची बाटली उघडी ठेवू नये. नेल आर्टवाल्यांनी ॲसिटोन कधीही आचेवर गरम करू नये.

४. सांडलं तर बटणाला हात लावू नका. पंखा, लाईट चालू करू नका आणि बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. माणसं बाहेर काढा, दारं उघडा, कोरडी वाळू टाका. लाईट गेली तर टॉर्च किंवा बॅटरीचा दिवा. मेणबत्ती माझ्या दुकानातून कायमची गेली.

५. थिनरच्या आगीवर पाणी मारू नका. टोल्युइन पाण्यापेक्षा हलकं, पाण्यावर तरंगत आग पुढे नेतं. एबीसी पावडरचं छोटं अग्निशामक यंत्र घ्या. चौघांच्या सुरमई थाळीच्या बिलाएवढं पडतं. सोबत कोरड्या वाळूच्या दोन बादल्या. आग कमरेच्या वर गेली तर हिरोगिरी नको, बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

६. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही. मग डॉक्टर.

७. वापरलेली फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. जवसाच्या तेलाची फडकी तर गोळा करून कधीच टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात, काडी लागत नाही. पाण्यात भिजवून ठेवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.

८. उरलेलं थिनर परसात किंवा गटारात ओतू नका. आपला जांभा सच्छिद्र, तिथून ते विहिरीत उतरतं.

९. डोकं जड झालं, चक्कर आली, मळमळलं तर तो "वासाचा त्रास" नाही, वाफ अंगात जातेय. काम थांबवा, मोकळ्या हवेत या. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. दिवस गेलेल्या बायकांनी टोल्युइनच्या थिनरचं काम करूच नये, पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो. बेन्झीन तर कोणीच वापरू नये, त्याने कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे.

१०. फायबरच्या होड्यांचं काम करणाऱ्या भावांनो, हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट मिसळू नका, भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये नीट घोळा, मगच दुसरं. हार्डनर ॲसिटोनने पातळ करू नका आणि दोघांच्या बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवा.

आणखी एक, खास उद्योजकांसाठी. माल घेताना पुरवठादाराकडे सेफ्टी डेटा शीट मागा. त्यात सोळा भाग असतात. सगळे वाचायचा कंटाळा असेल तर चार वाचा : चौथा प्रथमोपचाराचा, पाचवा आग विझवण्याचा, सातवा हाताळणी-साठवणीचा आणि नववा, ज्यात फ्लॅश पॉइंट असतो. जो दुकानदार म्हणेल "असलं काय नसतं", त्याच्याकडून घेऊ नका. तसंच विमा काढताना एजंटला खरं सांगा की जागेत सॉल्व्हंट आहे. हप्ता थोडा वाढेल, पण लपवलं तर क्लेमच्या दिवशी कंपनीच्या हाती आयतं कारण येईल.

मी काय गमावलं

आमच्या दुकानात आता सुट्टं थिनर मिळत नाही. पहिल्या सीझनला काही गिऱ्हाईकं सरळ पुढच्या दुकानात गेली. "मॅडम शाणी झाली," असंही कानावर आलं. गल्ला थोडा खाली आला, नाकारत नाही. पण आज बाटलीमागे दोन वाक्यं सांगून विकते आणि काही जण आता मुद्दाम आमच्याकडेच येतात. धंदा शिकवताना मी म्हणते, नफा म्हणजे विक्री वजा खर्च. या खर्चात सुरक्षेची ओळ मी आधी लिहीत नव्हते. ती ओळ नसलेला नफा खोटा असतो, एका काडीत पुसला जातो.

त्या फोटोवाल्या ताईंचं काय झालं? डबा त्याच दिवशी बाहेरच्या मांगरात हलवला, नंतर गावातल्या एका फर्निचरवाल्या दादांना देऊन टाकला. त्यांना आठवड्याभरात तेवढा लागतो. ताईंना चारशे रुपयांचा फटका बसला. ते चारशे मी त्यांना पाठवले. सल्ला माझा होता ना!

आता तुमचं काम. हे वाचून झालं की उठा, घरात आणि युनिटमध्ये फिरा. कुठल्या बाटलीत काय आहे, तिच्यापासून सात-आठ फुटांत काय पेटतं, एवढंच बघा. बाटली हलवा आणि मग पुढच्या ऑर्डरला लागा.